चढावर सुटलेला जोड

‘पिंपळनेरच्या अलीकडच्या चढावर गाडीचा जोर एकाएकी नाहीसा झाला. सगळे गोंधळले. सर मात्र शांतपणे बॉनेटपाशी उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले, क्षणभर इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, “सलीम, तुझ्या पाइपाचे तोंड गोल नाही.” आणि दोष तोच निघाला. असा होता सरांचा कान!’

माझ्या पंच्याहत्तरीनिमित्त माझे माजी विद्यार्थी गौरव अंक काढत आहेत, त्यातला हा परिच्छेद. लिहिणारा दिलीप. धुळ्यात त्याचे स्वतःचे मोठे गॅरेज आहे आणि या अंकाचा संपादकही तोच. परिच्छेदात पाच वाक्ये आहेत. पहिली दोन खरी आहेत. तिसरे अर्धे खरे आहे. चौथे खोटे आहे, आणि पाचवे खोट्यावर उभे आहे. मी जिवंत असताना त्यात ‘होता’ कशासाठी, हा वाद वेगळा. तो मी दिलीपशी फोनवर घातला आहे आणि जिंकलोही आहे. उरलेला वाद मात्र मी हरत आलो आहे, कारण माझी बाजू कोणी ऐकूनच घेत नाही. तीस वर्षे धुळ्याच्या तंत्रशाळेत मी डिझेल इंजिन शिकवले. आयुष्यभर लोकांशी भांडलो ते मी बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी. मी चूक होतो हे सिद्ध करण्यासाठी भांडण्याची वेळ पहिल्यांदाच आली आहे, आणि या कामात मी अगदीच कच्चा आहे.

थंडी पुन्हा आली आहे. जळगावात आमच्या घरासमोरून सकाळपासून कापसाचे ट्रॅक्टर जातात. ट्रॉलीच्या बाहेर फुगून आलेला कापूस वळणावरच्या बाभळीला घासतो, आणि संध्याकाळपर्यंत ती काटेरी बाभूळ पांढरी होऊन जाते. हवेत गारवा आहे, उन्हाला कोवळेपणा आहे, आणि गल्लीत कुठेतरी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली जात आहेत. खानदेशात जन्मलेल्या माणसाला या वासाने भूक लागते. मला नऊ वर्षांपासून या वासाने मान खाली घालावीशी वाटते.

थंडी हा टर्बोचा ऋतू आहे, असे मी वर्गात सांगत असे. टर्बो म्हणजे काय, हे पोरांना कळावे म्हणून मी लोहाराच्या भात्याचे उदाहरण देई. भट्टीला वारा घालायला एक माणूस लागतो. पण समजा, भट्टीतून बाहेर पडणाऱ्या धगीनेच भाता हलवला, तर? टर्बो हा तसा भाता आहे. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जितकी गार, तितकी ती दाट. जितकी दाट, तितका इंजिनाचा दम मोठा. वैशाखात धापा टाकणारी गाडी मार्गशीर्षात घोड्यासारखी चालते. हे सांगताना माझा आवाज चढत असे, आणि मागच्या बाकावरची पोरेही जागी होत.

निवृत्तीनंतर मी जळगावला आलो आणि हाताला काम नाही म्हणून चिडचिडा झालो. माझ्या घरचे म्हणतील, तसा मी आधीपासूनच होतो; त्यांचेही म्हणणे मी खोडून काढू शकतो, पण ते पुन्हा कधी. नऊ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी एक जुनी जीप घेतली. तिचे मूळ इंजिन थकलेले होते. त्याजागी अपघातात सापडलेल्या एका गाडीचे टर्बोचे इंजिन बसवायचे ठरवले. हे काम एकट्याचे नव्हते. टर्बोतून निघणारी हवा आधी पुढच्या जाळीत नेऊन थंड करायची आणि मग इंजिनात आणायची, त्यासाठी वाकडेतिकडे पाइप लागतात. ते बाजारात तयार मिळत नाहीत. ते बनवणारा एकच माणूस मला माहीत होता, सलीम मिस्त्री.

सलीम मूळचा यावलचा. त्याचे वडील पत्र्याची कामे करीत. त्याच्या शेडमध्ये कूलरचे सांगाडे, धान्याच्या कोठ्या, फवारणीच्या टाक्या आणि एका कोपऱ्यात आमची जीप. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला कमी. पाइप वाकवताना तो आत बारीक वाळू ठासून भरी, म्हणजे वाकताना पाइप चेपत नाही. मग जाळावर धरून, जणू एखाद्या म्हाताऱ्याचा हात धरून त्याला ओट्यावरून उतरवावे, इतक्या हळुवारपणे तो त्याला वळण देई. मी बाजूला स्टुलावर बसून सूचना करी. त्याला त्यांची गरज नव्हती. हे तेव्हाही मला कळत होते.

सकाळी शेडच्या पत्र्यावरून दव ठिबकत असे. आम्ही दोघे हातमोज्यांशिवाय काम करणारे. थंड लोखंड बोटांना चिकटे. दहाच्या सुमारास चहा येई आणि पहिला घोट घेऊन सलीम न चुकता म्हणे, “आता हात आपले झाले.” त्या हिवाळ्याइतका मी नंतर कधीच सुखी नव्हतो. हे मान्य करायला मला कसलाही कमीपणा वाटत नाही. कमीपणा पुढच्या गोष्टीचा आहे.

रबरी पाइप लोखंडी नळीवर चढवायचा, तर तो घट्ट असतो. सहज चढत नाही. मी तीस वर्षे शिकवत आलो होतो की, रबराला आतून सरकीचे तेल लावा. यंत्राचे तेल लावू नका, ते रबर खाते. सरकीचे खात नाही. ही काही पुस्तकातली गोष्ट नव्हे. कापसाच्या मुलखातली, तेलगिरण्यांच्या शेजारी वाढलेल्या फिटर लोकांची युक्ती. माझ्या गुरूंनी मला दिली, मी शेकडो पोरांना दिली. माझ्या पेटीत सरकीच्या तेलाची चपटी बाटली नेहमी असे. पाण्याच्या पाइपांना ती युक्ती चालते. कारण तिथे दाब थोडा असतो.

जोड बसवायच्या दिवशी मी बाटली काढली, तेव्हा सलीमने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“नाना, ह्या जोडाले तेल नका लावू. इथून पाणी नाही, दाबाची हवा जाणार शे. सरकन निघून जाईन.”

“सलीम, मी हे शिकवत होतो तेव्हा तू यावलला कोठ्या ठोकत होतास.”

“तेच म्हणतो ना,” तो हसला. “कोठीले तेल लावा, हवं तितकं.”

त्याने नळी आणि रबर दोन्ही पेट्रोलने पुसून कोरडे केले आणि अर्धा तास झटून जोड चढवला. वरून स्क्रूचा पट्टा आवळला. त्याचा तळहात सोलला होता. मी गप्प बसलो, पण मला पटले नाही. मला गप्प बसवणे म्हणजे मला पटवणे, अशी चूक अनेकांनी केली आहे.

दोन दिवसांनी सलीम एका लग्नासाठी यावलला गेला. आम्हाला रविवारी निघायचे होते. साक्रीकडचा माझा एक विद्यार्थी भटू, त्याची पिंपळनेरजवळ शेती. त्याने सगळ्या जुन्या पोरांना भरिताच्या पार्टीला बोलावले होते, आणि मी नवी जीप घेऊन येणार, हे सर्वांना कळवून ठेवले होते. शनिवारी मी एकटाच शेडमध्ये गेलो. टर्बोच्या तोंडाजवळचा रबरी पाइप मला बोटभर तिरका वाटला. तो तिरका होता की नाही, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. मी पट्टा सैल केला, जोड उपसला, बाटली काढली, अंगठ्याने आतून तेल फिरवले आणि रबर कसे लोण्यासारखे चढते ते पाहून मोठ्याने म्हणालो, “आता बोल, मिस्त्री!” ऐकायला शेडमध्ये कोणी नव्हते.

रविवारी सलीम परतला आणि माझ्या शेजारी बसला. मी त्याला काहीही सांगितले नाही.

जळगाव ते धुळे त्या जीपने असा दम दाखवला की, मी मनातल्या मनात तिचे बारसे केले. धुळ्याला दिलीप आणि इतर पोरे आपापल्या गाड्या घेऊन मागे लागली. साक्रीला घ्यायला आलेला भटूही त्यांत सामील झाला आणि साक्री मागे पडली. दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेली शेते, मेंढ्यांचे कळप, दूर निळसर डोंगर. समोरच्या पट्टीवर दाब दाखवणारा काटा मी हौसेने बसवला होता. चढ लागला तसा तो उजवीकडे झुकू लागला. मी सलीमकडे पाहून पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला. पुढचा क्षण मी हजारदा पाहिला आहे. ‘फस्स’ असा एक आवाज, काटा शून्यावर, मागे काळ्या धुराचा लोट, आणि घोड्याचा बैल झालेला.

मागून भटू धावत आला. “सर, गाडीना बठ्ठा जोर गया!”

आता दिलीपच्या तिसऱ्या वाक्याकडे येतो. मी बॉनेटपाशी उभा राहिलो, हे खरे. मी डोळे मिटले, हेही खरे. पण मी काही ऐकले, हे साफ खोटे, आणि ते खोटे आहे हे दिलीपला कळायला हवे होते, कारण हे मीच त्याला शिकवले आहे. गाडी उभी असताना, इंजिन नुसते फुरफुरत असताना टर्बो दाब तयार करत नाही. दाब नाही, तर गळती नाही. गळती नाही, तर आवाज नाही. उभ्या गाडीच्या इंजिनात ऐकण्यासारखे काहीच नव्हते. ते अगदी निरोगी बोलत होते.

रस्त्याकडेला तेव्हा दुसरीही निदाने झाली. कोणी म्हणाले, डिझेल भेसळीचे. मग इंजिन उभ्यानेही अडखळले असते. कोणी म्हणाले, टर्बोच बसला. मग धूर निळा आला असता आणि पंख्याची दांडी बोटाने हलली असती. मी ती हलवून पाहिली, हलत नव्हती. धूर काळा होता. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसे, हवा अपुरी. म्हणजे दाबलेली हवा वाटेत कुठेतरी निसटत होती. इतके निदान कोणीही केले असते.

कुठे निसटते, हे मला कानाने नव्हे, नाकाने कळले. बॉनेट उघडताच एक वास आला. तो माझ्या आधी भटूने ओळखला.

“सर, इंजिनमा भज्या तळी राहिनात का काय?”

पोरे खो खो हसली. एक म्हणाला, “थांबा, मी कांदे कापतो.” तापलेल्या लोखंडावर सांडलेल्या सरकीच्या तेलाचा तो वास होता. त्या गर्दीत त्याचा अर्थ कळणारे दोघेच होते, आणि त्यांतला एक अजून गाडीच्या पलीकडच्या बाजूला होता. तेव्हा मी डोळे मिटले. दिलीप, मी ऐकत नव्हतो. मी लपत होतो.

मग मी खाली हात घातला. जोड निम्मा सरकला होता. नळीचे तोंड बोटांना लागले, तेलाने गुळगुळीत. मी खिशातला रुमाल काढला आणि ते पुसले. मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो की, तो फिटरच्या हाताचा गुण होता, घाण दिसली की पुसणे. हीही एक कहाणी आहे, माझीच, आणि तीही खोटी आहे. सवयीने पुसणारा माणूस रुमाल असा मुठीत चुरगाळत नाही. मी पुसले ते सलीम वळसा घालून येण्याआधी पुसले. आणि तो आला तेव्हा वीस पोरांसमोर, वर्गातल्या आवाजात म्हणालो, “सलीम, तुझ्या पाइपाचे तोंड गोल नाही.”

त्याने खिशातून फडके काढले. मग गुडघ्यावर बसला, रबर उपसले आणि आतून आपल्या फडक्याने पुसू लागला. नळी मी पुसली होती. रबराच्या आतला भाग मी विसरलो होतो. त्याने फडके नाकाजवळ नेले. त्याने फडक्याची घडी घातली, तेलकट बाजू आत करून, आणि खिशात ठेवली. पोरांतला कोणी म्हणाला, “मिस्त्री, सरांनी बरोबर पकडलं ना?” सलीम म्हणाला, “सर बरोबरच पकडतात.”

भटूच्या मळ्यात दुपारी भरीत झाले. वांगी भाजली, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचली गेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या. पोरे माझ्याभोवती कोंडाळे करून बसली आणि चढावरची गोष्ट तिथल्या तिथेच पिकू लागली. ‘सरांनी डोळे मिटले’ हे वाक्य मी त्याच पंगतीत पहिल्यांदा ऐकले. खोडले नाही. सलीम विहिरीच्या काठाला एकटा जेवत होता. एक तुकडा तोडायला त्याला फार वेळ लागत होता. पोरांपैकी दोघे त्याला आपल्या गॅरेजांसाठी पाइपांचे काम देणार होते. जाताना त्यांनी त्याचा फोन नंबर मागितला नाही. संध्याकाळी आम्ही जळगावला परतलो. शेडपाशी उतरताना तो म्हणाला, “नाना, पेटी घेऊन जा तुमची.” दुसऱ्या दिवशी पेटी न्यायला गेलो, तेव्हा शेडमध्ये माझे स्टूल नव्हते.

गौरव अंकाचा हा परिच्छेद हाती आला तेव्हा मी दिलीपला सांगितले की, काढून टाक. तो म्हणाला, “सर, लोकांना तीच गोष्ट आवडते.” मी म्हणालो, “सलीमचे नाव आहे त्यात.” तो म्हणाला, “त्यांनाही निमंत्रण आहे, पहिल्या रांगेत बसवू.” पहिल्या रांगेत बसवून त्याला हे ऐकवणार! त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या विद्यार्थ्यावर हात उगारावासा वाटला, आणि लगेच कळले की तो हात कोणावर उगारायला हवा होता.

मागच्या आठवड्यात मी सलीमच्या शेडमध्ये गेलो. नऊ हिवाळ्यांनी. तो कूलरचा पत्रा कापत होता. मी दारातच, उभ्या उभ्या सगळे सांगितले: शनिवार, तेल, रुमाल. तो कात्री चालवतच राहिला.

“तव्हाच समजलं होतं मले, नाना. फडक्याले वास होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमचे बठ्ठे पोरं उभे होते ना.”

मी माफी मागितली. माझ्या तोंडून हा शब्द किती वर्षांनी निघाला, मला आठवत नाही. त्याने कात्री खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि क्षमाही नव्हती.

“चढावर बठ्ठ्यांसमोर बोलले होते. माफी इथं दारात मांगता का, नाना?”

म्हणून हे लिहिले आहे. त्याच अंकासाठी, त्याच परिच्छेदाच्या जागी. दिलीपने मजकूर वाचला आणि फोन केला. त्याला अजूनही वाटते की, हा माझा मोठेपणा आहे. मी म्हातारा झालो आहे, हळवा झालो आहे, सलीमवर पांघरूण घालतो आहे. “सर, तेल तुम्ही लावलं असेल, पण तोंडही वाकडं असूच शकतं ना? तेलानेच जोड सुटला, याला पुरावा काय?” माझा विद्यार्थी आहे. पुरावा मागायला मीच शिकवले आहे, आणि प्रश्न रास्त आहे. रुमाल मी त्याच दिवशी फेकला. सलीमचे फडके कधीच चिंधी झाले असेल. वास उडून गेला. सलीमचा शब्द तो मानत नाही आणि माझा शब्द त्याला विनय वाटतो.

तर दिलीप, आता ऐक. त्या वर्षी मला ती जीप डोळ्यांसमोर नकोशी झाली आणि मी ती भटूला देऊन टाकली. परवा मी एस.टी.ने पिंपळनेरला गेलो आणि त्याच्या मळ्यात तिचे बॉनेट स्वतः उघडून पाहिले. त्या चढावर सलीमने नळी घासली नव्हती, ठोकली नव्हती, बदलली नव्हती. तेल पुसून कोरडी केली आणि तीच नळी, तोच रबरी पाइप, तोच पट्टा पुन्हा बसवला होता; आजही तेच तिथे आहेत. भटू दर आठवड्याला वांग्यांची पोती भरून तोच चढ चढतो, आणि नऊ वर्षांत तो जोड एकदाही सुटलेला नाही.